चौदा औट

औट म्हणजे साडेतीन. पूर्वी मराठी शाळेत त्याचा पाढा असायचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि सगळ्यांच्या शेवटी, मुलं रडकुंडीला आली की, औटकी.

*

मुंबईत गरम पाण्याच्या रबरी पिशव्या करणारा एक कारखाना होता. तिथे नोकरीला लागलेल्या एका मुलीने मालकाला विचारलं, "पिशवी नेहमी जोडावरच का फुटते?" मालक म्हणाला, "अहो, ती जोडावरच फुटते." मुलीला हे उत्तर वाटलं नाही.

*

सड्यावर दुपारी वारा फिरतो. सकाळी तो जमिनीकडून समुद्राकडे जातो, जेवणं आटोपली की उलटा येतो, आणि येताना ओला होऊन येतो.

*

नायलॉनची साडी अंगावरून काढताना तडतडते.

*

पितळ दगडावर कितीही घासा, ठिणगी पडत नाही.

*

गाण्यात थांबायला जागा असते.

*

"आज दोरीवर कोण आहे?" बाईंनी विचारलं. आरशाकडे न बघता त्या केस टोपीत कोंबत होत्या.

"पै," मी म्हणाले.

"पै नको. तू राहा."

"बाई, मी इथेच उभा आहे," पै म्हणाला. तो खरंच दारात उभा होता, हातात चहाचा पेला घेऊन.

"म्हणूनच मोठ्याने सांगतेय. तुझं मन मऊ आहे, दामोदर. मऊ मनाचा माणूस आधी हाक मारतो."

"हाक मारणं वाईट?"

"दोरीवर? वाईटच."

पै माझ्याकडे वळून म्हणाला, "घ्या, घागबाई. तुमचं मन दगडाचं असल्याचं सर्टिफिकेट मिळालं. फ्रेम करून लावा."

बाई हसल्या नाहीत. एरवी पैच्या अर्ध्याअधिक विनोदांना त्या हसायच्या, निदान नाकातून तरी.

हे सगळं कोकणातल्या एका सड्यावर घडलं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार, पायथ्याशी समुद्र. झाड नाही, वस्ती नाही, म्हणून ती जागा आमच्या संस्थेला मिळाली होती. तिथे आम्ही रॉकेटच्या मोटरी बनवायचो. रॉकेटची मोटर म्हणजे विजेची मोटर नव्हे. ती एक पोलादी नळी असते, माणूस आत उभा राहील एवढी मोठी, आणि तिच्यात घट्ट इंधन भरलेलं असतं. एक प्रकारचं मीठ, ॲल्युमिनियमची पूड आणि हे दोन्ही धरून ठेवणारं रबर. ओततो तेव्हा ते काकवीसारखं असतं. भट्टीत मुरलं की खोडरबरासारखं होतं. आणि पेटलं की ते कुणाचंही ऐकत नाही.

बाई म्हणजे डॉक्टर प्रमिला टिपणीस. इंधन विभागाच्या प्रमुख. त्यांच्याआधी आमच्याकडे हे इंधन परदेशातून यायचं, कुलूप लावलेल्या पेट्यांतून, आणि पेटी उघडायला त्यांचाच माणूस यायचा. बाईंनी ती पेटी बंद केली. आम्ही जे काही ओतत होतो, भाजत होतो, तासत होतो, ते सगळं त्यांच्या डोक्यातून निघालेलं होतं. मी ज्योत्स्ना घाग, त्यांच्या हाताखाली तपासणीचं काम बघत असे. पै सुरक्षेचा माणूस.

त्या दिवशी तासायची होती ती दुसरी मोठी मोटर. ती महिनाभरात उडणार होती. दिल्लीहून पाहुणे येणार होते, पत्रिका छापून आल्या होत्या, समुद्राच्या बाजूला मांडवाचे खांब रोवले जात होते. बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. म्हणजे त्यांच्या डोळ्यांदेखत उडेल अशी ही शेवटची. हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. स्वयंपाकघरातल्या माणसांनीसुद्धा त्या दिवशी बाईंसाठी शिरा ठरवला होता.

*

पहिल्या मोटरबद्दल सांगायला हवं.

ती तयार झाली तेव्हा बाईंनी तिच्या तोंडाशी बोट फिरवलं आणि एका जागी थांबल्या. पोलाद आणि इंधन यांच्यामध्ये रबराचं एक पातळ अस्तर असतं. ते दोघांनाही चिकटून असावं लागतं. कुठे सुटलं, तर आग त्या फटीत शिरते, पोलाद तापतं, आणि मग जे होतं त्याला आम्ही 'होतं' एवढंच म्हणायचो.

"इथे सुटलंय," बाई म्हणाल्या.

एक्स-रे काढला. काही दिसलं नाही. पुन्हा काढला. काही नाही. प्रकल्पाचे संचालक मुळगुंद साहेब. माणूस चांगला, पण घाईतला. त्यांनी समिती बसवली. समितीत बाई एका बाजूला आणि बाकी सगळे दुसऱ्या बाजूला. मोटर उडवायची ठरली.

मी तोवर रॉकेट उडताना जवळून पाहिलं नव्हतं. भर दुपार होती. सगळे वर बघत होते, आणि बाईंनी माझं मनगट धरून म्हटलं, "वर काय बघतेस? खाली बघ." मी खाली पाहिलं. दगडावर माझी सावली होती, दुपारची असते तशी, पायाशी गोळा झालेली. आणि मग मला दुसरी सावली फुटली. लांब, काळी, पहिलीहून गडद. ती माझ्या पायापासून निघाली, सड्यावरून सरसर आखडत आली आणि माझ्याभोवती फिरली. सूर्य डोक्यावर असताना कुणीतरी दुसरा सूर्य समुद्रावरून उचलत होतं. आवाज नंतर आला. तो कानांनी नाही, दातांनी ऐकू आला.

"बघितलंस?" बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "रबर आहे ते. नुसतं रबर."

मोटर उत्तम उडाली. काही सुटलेलं नव्हतं, किंवा सुटलेलं होतं आणि नशिबाने निभावलं. मुळगुंदांनी स्वतः पेढे वाटले, आणि बाईंच्या हातावर पेढा ठेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, राग मानू नका हं. पण आता एक्स-रेवर विश्वास ठेवा. बोटंसुद्धा म्हातारी होतात."

बाईंनी पेढा खाल्ला. म्हणाल्या, "केशर बरं आहे."

*

आता तासण्याच्या खोलीबद्दल.

भट्टीतून मोटर निघाली की तिच्या तोंडाशी इंधनाचा ओबडधोबड काठ उरतो. तो पितळी पात्याने हाताने तासून गुळगुळीत करावा लागतो. त्या खोलीत यंत्र नाही, वीज नाही, टेलिफोन नाही. दिवा नाही, वरच्या झरोक्यातून उजेड येतो. सुती कपडे, अनवाणी पाय, दारातल्या तांब्याच्या पत्र्याला हात लावून, अंगातली वीज उतरवून मगच आत. आणि आत एकच माणूस. काही झालं तर एकच जावा म्हणून.

खोलीच्या बाहेर मातीचा उंच बांध होता. बांधाच्या अलीकडे दोरी. छतावरच्या टाकीची दोरी. ती ओढली की सगळी टाकी एका दमात खोलीत कोसळायची. पाण्याने आग लागायच्या आधीच विझते, पण पाणी लागलेली मोटर पुन्हा कधी उडवत नाहीत. इंधनातलं मीठ विरघळतं. वर्षाचं काम गटारात जातं.

दोरी कधी ओढायची, याचा नियम बाईंनी केला होता. त्यामागे एक माणूस होता. साल्ढाणा नावाचा, त्यांच्याबरोबरचा. तो अशाच एका खोलीत एकटा काम करत असताना वाफांनी घेरी येऊन पडला. फार शांत स्वभावाचा होता, म्हणून बाहेरच्यांना वाटलं काम चालू आहे. कळलं ते धूर दिसल्यावर.

तेव्हापासून नियम असा होता : आत जाईल त्याने सतत मोठ्याने काहीतरी म्हणत राहायचं. भिंतीतून एक बिडाची नळी बाहेर आणली होती, बांधाच्या अलीकडे तिचं तोंड होतं. त्या तोंडाशी दोरीवरचा माणूस. आवाज थांबला की त्याने एक श्वास घ्यायचा. त्या श्वासात आवाज परत आला तर ठीक. नाही आला तर ओढायची. हाक मारायची नाही, आत डोकवायचं नाही, कुणाला विचारायचं नाही.

लोक काय काय म्हणायचे! पै आरत्या म्हणायचा, तेही सगळ्या देवांच्या, शिवाय मधल्या मधल्या ओळी मनाच्या. एकजण सिनेमाची गाणी म्हणायचा आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी आम्हाला घाम फोडायचा. बाई पाढे म्हणायच्या.

"गाण्यात थांबायला जागा असते," त्या म्हणायच्या. "पाढ्यात नसते. पाढा थांबला म्हणजे थांबलाच."

*

मी दोरी हाताला गुंडाळून नळीपाशी उभी राहिले. पै माझ्या मागे, चहासकट. बाई आत गेल्या. दार बंद झालं.

आधी पात्याचा आवाज. सुपारी कातरताना येतो तसा, पण ओला. मग नळीतून बाईंचा आवाज आला. लहानपणी ओट्यावर बसून म्हणावा तसा, हेलावर :

"एक औट साडेतीन. दोन औट सात. तीन औट साडेदहा. चार औट चौदा."

"आज थेट औटकी," पै कुजबुजला. "परवापर्यंत दिडकी होती. बढती मिळाली."

"गप."

"पाच औट साडेसतरा. सहा औट एकवीस."

मी त्या आवाजाची नेहमीच गंमत करायची मनातल्या मनात, पण खरं सांगायचं तर त्या वेळी अंगावर काटा यायचा. एक बाई एका काँक्रीटच्या खोलीत, एक डोंगर उडवेल एवढ्या इंधनाला तोंड लावून, पात्याने त्याचा पापुद्रा काढतेय. आणि तिचा आवाज इयत्ता तिसरीतला.

"अकरा औट साडेअडतीस. बारा औट बेचाळीस."

पातं थांबलं. आवाज चालू होता. पातं थांबणं नेहमीचं, बाई मधून मधून बोटाने काठ बघायच्या.

"तेरा औट साडेपंचेचाळीस."

पुन्हा पातं. एकदाच. मग नाही.

"चौदा औट," बाई म्हणाल्या.

*

मी श्वास घेतला.

*

(त्या श्वासात बाईंचं काय काय होतं ते मला आज सांगता येतं. मिरजेच्या पोस्टमास्तरची मुलगी, वडिलांनी पाढ्यावर झोपवलेली आणि पाढ्यावर उठवलेली. रसायनशास्त्राची पदवी, लग्न नाही, का नाही हे विचारायची कुणाची छाती नाही. रबरी पिशव्यांचा कारखाना, आणि जोडावरच का फुटते हा प्रश्न, जो तिने सोडला नाही, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र तापल्या की वेगवेगळ्या फुगतात आणि त्यांचा सगळा कलह जोडावर येतो, हे तिला तिथे कळलं, पिशव्यांच्या ढिगात बसून. तिने ते लिहून एका रबराच्या मासिकात छापलं. ते रॉकेट बांधू पाहणाऱ्या एका माणसाने वाचलं आणि तिला बोलावून घेतलं. "तुम्हाला रॉकेटमधलं काय कळतं?" "काहीच नाही. तुम्हाला जोडातलं काय कळतं?" तिला परदेशात पाठवलं, तिथे तिला मिश्रणाच्या खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही, तर ती रोज खोलीच्या बाहेरच्या बाकावर डबा खायला बसली, आणि परत आल्यावर तिने आत कोणतं रबर वापरतात ते वासावरून सांगितलं. पहिली मोटर थर्मासएवढी. मग बादलीएवढी. मग पिंपाएवढी. प्रत्येक वेळी आकार वाढला की जुनं सगळं ज्ञान खोटं ठरायचं, आणि ती पुन्हा पहिल्यापासून बसायची, न कुरकुरता, एखाद्या नव्या बाळाला न्हाऊ घालायला बसावं तशी. मी तिच्याकडे आले तेव्हा तिने मला विचारलं होतं, "भीती वाटते?" मी म्हणाले, नाही. "मग जा. भीती वाटायला लागली की ये.")

*

एकोणपन्नास आलं नाही.

"घाग," पै म्हणाला, "घाग, थांब, एक हाक मारून—"

मी ओढली.

*

पाणी कोसळल्याचा आवाज मी आधी कधी बाहेरून ऐकला नव्हता. दाराखालून पाण्याचा लोंढा आला, गढूळ, चंदेरी. ॲल्युमिनियमची चकाकी त्यात वळवळत होती. पै माझ्या दंडाला धरून उभा होता आणि काहीतरी म्हणत होता, बहुतेक आरतीच.

मग दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या. उभ्या, धडधाकट. पांढरी सुती साडी अंगाला चिकटलेली, टोपी वाहून गेलेली. हातात पितळी पातं अजून तसंच. त्या पाणी निथळत बांधाला वळसा घालून माझ्यासमोर आल्या.

"आधी हाक मारलीस?"

"नाही."

"एकच श्वास?"

"एकच."

त्यांनी मान हलवली. मग माझ्या हाताकडे पाहिलं. दोरीने तळवा सोलवटला होता, मला कळलंच नव्हतं.

"दामोदर, हिला काहीतरी लाव," त्या म्हणाल्या. "आणि मला टॉवेल दे. अख्खी टाकी अंगावर घेतली मी."

मुळगुंदांची जीप आली तेव्हा त्या पायरीवर बसून केस पुसत होत्या. साहेब खाली उतरले, दाराखालून येणारं चंदेरी पाणी पाहिलं, आणि त्यातूनच चालत पुढे आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काय झालं?" ते म्हणाले. माझ्याकडे बघत.

"नियमाप्रमाणे झालं," मी म्हणाले. "आवाज थांबला."

"बाई, आत काय झालं होतं? घेरी आली? हात घसरला? काही दिसलं?"

बाईंनी टॉवेल खाली ठेवला.

"पाढा विसरले," त्या म्हणाल्या.

"काय?"

"औटकी. चौदा औट किती ते आठवेना. आठवायला लागले, तेवढ्यात पाणी आलं."

पैने तोंडावर हात ठेवला. मुळगुंदांनी समुद्राकडे पाहिलं. तिथे मांडवाचे खांब रोवणारी माणसं काम थांबवून आमच्याकडे बघत होती.

"पाढा," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, अगदी सभ्यपणे, "बाई, तुम्ही दमला आहात."

"हो," बाई म्हणाल्या. "दमलेय."

*

चौकशी झाली. माझी तर वाहवाच झाली, ती मला सहन होईना. बाईंनी तिथेही तेच सांगितलं, शब्दाशब्दाला तेच. चुकले, विसरले. ज्या माणसाला पाढा आठवत नाही त्याला त्या खोलीत सोडू नये अशी सूचनाही त्यांनीच केली, आणि ती त्यांनाच लागू झाली. उरलेलं वर्ष त्या ग्रंथालयात बसल्या. तिथे मासिकं लावून ठेवायच्या.

पुढे मोटर कापून मोडीत काढताना आम्ही अस्तर पाहिलं. ते जागोजागी सुटलेलं होतं. पण पाण्याने सगळंच सुटलं होतं. पाण्याआधी काय होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

आणि लोक. लोकांनी काय करावं? हसले. आधी दबून, मग उघड. भोजनगृहात कुणी दुसऱ्यांदा भात मागितला की, "चौदा औट भात वाढा हो." नवीन मुलांना कामाला घेताना, "औटकी येते का?" एकदा हे बाईंच्या पाठीमागच्या टेबलावर झालं. पै उठला आणि बोलणाऱ्याच्या ताटात त्याने आमटीचं अख्खं भांडं ओतलं. बाईंनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "दामोदर, ती आमटी मला हवी होती."

एकदाच त्यांनी माझ्याशी कामाचं काही बोलणं काढलं. ग्रंथालयाच्या दारात. "पुढच्या मोटरला अस्तर सकाळी लाव," त्या म्हणाल्या. "दारं बंद करून. माणसांना वाफा सोसत नाहीत म्हणून आपण दुपारी दारं उघडायचो ना? दुपारी वारा ओला असतो. अस्तर ओलं पकडतं आणि वाळल्याचं सोंग करतं. मीच उघडायला लावली होती दारं. माणसं घेरी येऊन पडायला नकोत म्हणून."

मी मान हलवली. मला वाटलं, म्हातारं माणूस जुन्या कामात रमतंय.

तिसरी मोटर आम्ही सकाळी अस्तर लावून केली, दारं बंद करून, माणसं पाळीपाळीने बाहेर काढत. ती उडाली तेव्हा बाई निवृत्त होऊन मिरजेला गेल्या होत्या. मी खाली दगडाकडे बघत होते, आणि सावली फिरली तेव्हा माझ्या शेजारी कुणी नव्हतं.

*

मी मिरजेला गेले ते फार वर्षांनी. तोवर इंधन विभाग माझ्याकडे आला होता. बाई माडीवर राहायच्या, एकट्याच. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात कुकरची रिंग होती आणि टेबलावर आणखी सात-आठ.

"शेजारणींच्या," त्या म्हणाल्या. "सैल झालेल्या रिंगा फेकून देतात बघ. रबर थोडं उकळलं, उन्हात न वाळवता सावलीत वाळवलं, तर आणखी वर्षभर निघतं. बस. जाड झालीस."

"डोकं पांढरं झालं ते नाही दिसलं?"

"ते सगळ्यांचंच होतं."

चहा झाला. पैची चौकशी झाली, तो गेला होता, तेही सांगितलं. बाई बराच वेळ एका रिंगेच्या जोडावरून बोट फिरवत राहिल्या. नखं म्हातारी झाली होती. बोटं झाली नव्हती. ती जोडाशी आली की थांबायची, पुढे जायची, परत यायची.

मी ते बघत होते आणि एकदम मला उठवेना, बसवेना.

"बाई," मी म्हणाले, "चौदा औट किती?"

त्यांनी वर पाहिलं. असा प्रश्न त्यांना विचारणं म्हणजे तोंडावर थप्पड होती, मला कळत होतं. पण त्या हसल्या, नाकातून.

"एकोणपन्नास," त्या म्हणाल्या. आणि मग, हेलावर, माझ्याकडे बघत, "पंधरा औट साडेबावन्न. सोळा औट छप्पन्न. सतरा औट साडेएकोणसाठ. अठरा औट त्रेसष्ट. एकोणीस औट साडेसहासष्ट. वीस औट सत्तर. पुढचंही म्हणू?"

खाली रस्त्यावर कुणीतरी भाजी विकत चाललं होतं. 

"पातं आत गेलं," बाई मग सांगू लागल्या. "काठाशी, जिथे अस्तर आणि इंधन भेटतं तिथे. जायला नको होतं. लोण्यात जावं तसं गेलं. बोट घातलं तर फट पार आतपर्यंत. आदल्या दिवसापासून मला संशय होता, म्हणून पैला दोरीवरून काढलं."

"मग सांगायचं होतं. बाहेर येऊन सांगायचं."

"कुणाला? मुळगुंद म्हणाले असते, एक्स-रे काढा. काढला असता. दिसलं नसतं. पहिल्या वेळी नाही दिसलं, तेव्हा मोटर उडाली आणि पेढे वाटले. दुसऱ्या वेळी माझं कोण ऐकणार होतं? पत्रिका छापल्या होत्या, घाग."

"पण तुम्ही... सगळे हसले तुम्हाला. ग्रंथालयात बसवलं."

"हसू देत. अगं, जोड सुटलाय असं म्हणणारी म्हातारी कुणाला पटत नाही. पाढा विसरलेली म्हातारी लगेच पटते."

त्यांनी रिंग खाली ठेवली, दुसरी उचलली.

"आणि मी नसती ओढली तर?" मी विचारलं. "मला दया आली असती, पैसारखी हाक मारली असती तर? तुमच्या शेवटच्या मोटरवर पाणी ओतायला हात धजला नसता तर?"

"तर मी एकोणपन्नास म्हटलं असतं, काठ नीट तासला असता आणि बाहेर आले असते. आणि महिन्याभराने सगळे वर बघत उभे राहिले असते."

"म्हणजे सगळं माझ्या एका श्वासावर सोडलंत."

"त्याची मला काळजी नव्हती," बाई म्हणाल्या. "चहा अजून घेतेस?"

*

माझं पहिलं तासणं अगदी छोट्या मोटरचं होतं, बादलीएवढ्या. दोरी बाईंच्या हातात होती. मी मध्येच शिंकले. त्यांनी ओढली.